मोठेबाबांचं रिकामं कडवं

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ उकंडराव, देवळातून बाहेर आले की आधी चपला उलट्या करून पाहतात, कोणी बदलल्या तर नाहीत. घरचे त्यांना संशयी म्हणतात, ते स्वतःला सावध म्हणवतात. माझं लग्न तोंडावर आलं असताना या सावधपणानं मला पार रडवलं, आणि तेही मंगलाष्टकांवरून.

आमच्या संग्रामपूरकडे हल्ली घरच्यांनी रचलेली मंगलाष्टकं संगीतासह रेकॉर्ड करून मांडवात लावतात. ज्याचं कडवं त्याचा आवाज. शेवटच्या कडव्याचा मान मोठा, कारण त्यावरच अंतरपाट दूर होतो. ते बाप म्हणून बाबांचं ठरलं होतं आणि त्याच्या आधीचं मोठेबाबांचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून या दोघा भावांचं बोलणं कधीचंच बंद. एकाच बांधावर उभे राहून एकमेकांना माझ्याकरवी निरोप धाडतात. तरीही माझ्यासाठी दोघं एका गाडीत बसून मलकापूरला आले, तेव्हा मला अगदी आभाळ ठेंगणं झालं होतं.

संघपालचा स्टुडिओ सरकीच्या दुकानावर आहे. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, आतल्या खोलीत माइक, मध्ये काच, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगलेल्या. तिथे पोचताच मोठेबाबांनी अट घातली की त्यांचा आवाज स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये राहणार नाही, त्यांच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरच उतरेल. स्टुडिओ पुंजाजीनं ठरवला, म्हणजे कॉम्प्युटरही पुंजाजीचाच, असा त्यांचा हिशेब. पुंजाजी म्हणजे माझे बाबा. संघपालनं समजावून पाहिलं, मग कंटाळून हो म्हटलं. सगळ्यांत शेवटी मोठेबाबा गायले. गाऊन झाल्यावर तंबाखूचा खर्रा खायला खाली गेले, वर आले आणि तावातावानं पेनड्राइव्ह उपसून खिशात घालून निघाले. मी तेव्हा दुकानाखाली भाड्याच्या गाडीवाल्याशी वाद घालत होते, त्यामुळे वर काय बिनसलं ते मला कळलंच नाही.

मग संघपालचा फोन आला. गाणं उघडतंय, सगळ्यांची कडवी आहेत, फक्त मोठेबाबांची जागा रिकामी आहे. त्यांचा पेनड्राइव्ह आणा, नाहीतर त्यांनी पुन्हा गावं.

मोठेबाबांना तर हेच हवं होतं. मले माहीतच होतं, असं म्हणून त्यांनी पेटीतून पेनड्राइव्ह काढला. पुन्हा गायला मात्र साफ नकार. पुन्हा गायलो तर पुन्हा गायब करतील. आधी आवाज कोणी खाल्ला ते निघू दे, तोवर मी मांडवात पाय ठेवणार नाही. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी सगळ्या जत्रा पाहिल्या, तोच माझ्या लग्नाला नसणार होता.

मी बाबांना विचारलं, तुम्ही संघपालला काही सांगितलं होतं का? बाबा म्हणाले, तुले काय करायचं. आणि माझ्याकडे न बघता वावरात निघून गेले. माझे बाबा खोटं बोलायची वेळ आली की वावरात जातात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आता मोठेबाबांचा संशय मलाही चिकटला.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांना घेऊन मी मलकापूरला गेले. संघपालनं गाणं उघडून दाखवलं. सगळ्यांच्या आवाजाच्या रेघा दिसत होत्या, मोठेबाबांच्या ओळीवर नुसती काळी पट्टी. त्यानं समजावलं की पडद्यावरचा हा प्रोजेक्ट म्हणजे पंगतीत कोणी कुठे बसायचं ते सांगणारा माणूस. माणसं काही त्याच्या खिशात नसतात. आवाजांच्या फायली वेगळ्या असतात. मोठेबाबांची फाइल पेनड्राइव्हवर आहे, पण लिहिणं चालू असतानाच कोणीतरी तो उपसला. त्यामुळे फाइल बंदच झाली नाही, आणि ती आपली लांबी शून्य सांगते.

मोठेबाबांनी ते अर्धंच ऐकलं. त्यांनी थेट विचारलं, "मले एक सांग. या गाण्यातून कोनाचं कडवं काढाले कोनी सांगतलं होतं का?"

संघपाल माउस उगाच इकडेतिकडे हलवत राहिला. मग म्हणाला, "सांगतलं होतं. पर मी शब्द देल्ला हाय, नाव नाही सांगत."

मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मला बाबांचा राग आला, खरंच आला. पोरीच्या लग्नातसुद्धा भावावर सूड उगवायचा? तेवढ्यात मोठेबाबा पेनड्राइव्ह परत मागू लागले. संघपाल म्हणत होता की आधी याची जशीच्या तशी नक्कल काढू, जे काय करायचं ते नकलेवर करू, मूळ फायलीला हात लावायचा नाही. मोठेबाबांना ती नक्कल म्हणजे नवी चोरी वाटत होती. मी पेनड्राइव्ह मुठीत धरला आणि म्हटलं, आवाज निघेपर्यंत हा मी देत नाही, मग तुम्ही मला पोरगी म्हणा नाहीतर चोर.

नक्कल निघाली. संघपालनं फायलीनं सांगितलेली लांबी बाजूला ठेवली आणि आत जो काही आवाज पडला होता तो थेट उचलला. आधी नुसती खरखर आली. एकदोन आकडे बदलल्यावर खरखरीतून मोठेबाबांचा आवाज निघाला, भारदस्त, मधेच थोडा चढा. माझ्या नावाशी ते जरा थांबले होते. पूर्ण कडवं होतं. मी डोळे पुसले.

पण फाइल पुढे चालूच राहिली; संघपाल रेकॉर्डिंग बंद करायलाच विसरला होता. हेडफोन ठेवल्याचा आवाज, दार, जिन्यावरून उतरणारी पावलं. मग बाबा आतल्या खोलीत माइकपाशी आले असावेत, कारण त्यांचा आवाज अगदी जवळून आला.

"संघपाल, दादाचं कडवं शेवटी लाव. माह्यं काढून टाक."

"काका, बापाचं शेवटी पाह्यजे म्हनत होते ना तुमी?"

"म्हनत होतो. पोरगी माही हाय, पर वाढली त्याच्या खांद्यावर. अन् त्याले सांगू नोको. त्याले वाटंन, याच्यात माही काही चाल हाय."

पुन्हा दार वाजलं. मोठेबाबांचा स्वतःचा आवाज, करडा: "काय कुजबुज चालली बे?" आणि तिथेच सगळं तुटलं.

बाबांबद्दल मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला माझीच लाज वाटली. मोठेबाबा पडद्याकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "पुंजाजीले माहीत होतं का, माइक चालू हाय थे?"

माझं डोकंच फिरलं. "माहीत असतं तं 'त्याले चाल वाटंन' असं बाबा बोलले असते का, मोठेबाबा?"

मोठेबाबांनी संघपालला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला, मग अजून एकदा. शेवटच्या वेळी स्वतःचा आवाज आला तशी त्यांनी मान खाली घातली आणि उपरण्यानं तोंड झाकलं.

कडवी ठरल्या जागीच राहू दे, बापाचं शेवटी, एवढं ते उपरण्याआडून म्हणाले. संघपालनं सांगितलं की आता या फायलीच्या तीन नकला ठेवू: एक इथे, एक त्याच्या घरच्या डिस्कवर, एक माझ्या फोनमध्ये. एक गेली तरी दुसरी असावी. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. मोठेबाबांनी नुसती मान डोलावली.

"अन् एक पुंजाजीच्या फोनवर पाठव," ते म्हणाले.

"पाठवतो. मागचं बोलनं कापतो, नुसतं कडवं जाईन."

"कापू नोको," मोठेबाबा म्हणाले. "मी काय बोललो थेई राहू दे. पुरं ऐकू दे त्याले."