हिलालदादांच्या हातावरचा मी

मी एक जुना जंतू आहे. दचकू नका, मित्रांनो, आणि लगेच साबणाकडे धावूही नका. सुरतेत, लिंबायतमध्ये, लूम म्हणजे कापडाचा माग चालवणाऱ्या हिलालदादांच्या उजव्या हातावर मी राहतो. माझं वय विचाराल तर पंचाईत. काही तासांत माझे दोन होतात, दोनाचे चार. म्हणून पणजोबाही मीच आणि पणतूही मीच. स्वस्थ बसणं आमच्या कुळात कुणाला जमलंच नाही.

हिलालदादा धुळ्याकडच्या खेड्यात जन्मले, तेव्हा त्यांच्या आईच्या अंगावरून मी त्यांच्यावर आलो. घाम आणि मेलेली कातडी खायची, कातडीवर किंचित आंबटपणा राखायचा आणि वाईट जंतूंना पाय ठेवू द्यायचा नाही, हे माझं काम. त्यातला सोनेरी जंतू माझा वैरी, सदा टपलेला. माझ्या जिवाला तोच एक घोर. शाबासकी कोण देणार? मी कुणाला दिसतच नाही!

यंदा दादांची मुलगी गायत्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दादांना एकच ध्यास लागला, नातवंडाला आपल्या हातांनी घ्यायचं. पण हात कसे? लूमच्या तेलाने काळे. कारखान्यात कापडाच्या ताक्यावर तेलाचा डाग पडला की एक औषध चोळून काढतात. दादांनी ती बाटलीच घरी आणली. ताक्याचं तेल निघतं, तर हाताचं का नाही निघणार?

"जळी जाई ना हात!" त्यांची बायको धुरपदाबाई ओरडली.

"मंग नातूले काळा हात लावू का?"

सकाळी चोळ, संध्याकाळी चोळ! आमचे लाखो मेले. मी एका केसाच्या मुळाशी दडलो आणि वर काय चाललंय म्हणून तळमळत राहिलो. कातडी कोरडी पडली, भेगाळली. सोनेरी जंतूला रान मोकळं मिळालं. हात सुजला, पू धरला, ताप भरला. खरं सांगतो, त्या भेगांतून रक्तात शिरलो असतो तर मीही त्रासच दिला असता. माझ्या जागी असतो तोवरच मी शहाणा.

नेमकं त्याच आठवड्यात बाळ झालं. मुलगी. दादा हात पुढे करून उठले, तशी धुरपदाबाई मध्ये उभी राहिली.

"हात नका लावू तिले. अजून पू वाहस."

दादा दाराशी जाऊन बसले, हात पाठीमागे लपवून. मला फार वाईट वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "चाचा, ये हाथ है, ताका नहीं!" त्यांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि हात साध्या साबणाने धुवायला सांगितले. गोळ्यांनी सोनेरी जंतू हटला. माझेही पुष्कळ गेले. मग मी केसाच्या मुळातून वर आलो आणि दोनाचे चार करायला लागलो. घाई, नुसती घाई!

तीन आठवड्यांनी धुरपदाबाईने तो हात उलटसुलट करून पाहिला. नखांत तेलाच्या काळ्या रेघा होत्याच. तरी तिने बाळ दादांच्या हातात दिलं. बाळाने त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं, आणि दादांना रडू आलं. तेवढ्यात माझ्यातले काही बाळाच्या मुठीत गेलेसुद्धा.

मित्रांनो, हात जरूर धुवा, जेवणाआधी तर धुवाच. पण कातडी सोलेपर्यंत घासू नका. तिथे कुणीतरी आजोबांच्या हातावरून नुकतंच राहायला आलेलं असेल.