कुपनाच्या मशीनची वायर

शनिवारी संध्याकाळी निवेदिताने कंपनीच्या लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगला हात लावला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, निरंजनने, सोफ्यावरून एकदाच विचारलं होतं, "कंपनीचा आहे ना तो? कशाला उगाच?"

"व्हिडिओत सगळं दाखवलंय," ती म्हणाली.

पुनावळ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये वायफाय असं काही रखडायचं की मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठून जायचा आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. सोमवारी दुपारी दोनला चाकणच्या कारखान्यात कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्यापुढे निवेदिताला दीड तास बोलायचं होतं. त्याआधी रविवारभर टीमबरोबर तालीम करायची, तर नेट धड हवं. व्हिडिओतल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे तिने वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप' वरची खूण काढली आणि घरच्या राउटरला चालेल असा एक ठरलेला आकडा स्वतःच्या हाताने भरला. नेट खरंच सुसाट धावायला लागलं. रविवारी तालीम झकास झाली. निवेदिता स्वतःवर इतकी खूश होती की तिने निरंजनकडे दोनदा तो विषय काढला.

सोमवारी ती रावेत, निगडी, तळवडे करत साडेदहाला चाकणला पोचली, जागेवर बसली, लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर एक चक्र बराच वेळ फिरलं आणि खाली ओळ आली : कंपनीच्या सर्वरशी संपर्क होत नाही.

तिने पुन्हा टाकला. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. तीन महिन्यांपूर्वीच कंपनीत नवा नियम आला होता. लॅपटॉप दर वेळी सर्वरला विचारून मगच माणसाला आत घ्यायचा. आता सर्वरच सापडत नाही म्हटल्यावर निवेदिता दाराबाहेर आणि तिचं तीन आठवड्यांचं काम दाराच्या आत.

तिने आयटीला फोन लावला. आयटी म्हणजे कोंडीराम. तो रांजणगावच्या दुसऱ्या कारखान्यात बसायचा. निवेदिताने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज सगळी कंपनी ओळखत होती. माणूस लातूरकडचा, कामाचा पक्का आणि तोंडाने जरा खरखरीत.

"सर्वरवर तर तुमचं खातं बरोबर दिसायलंय, मॅडम," तो म्हणाला. "थांबा, पासवर्ड नवीन करून देतो."

नवीन पासवर्डही चालला नाही. त्याने आणखी एक दिला. तोही नाही.

"आता एक सांगा," कोंडीराम म्हणाला. "काल चालू होता, आज बंद. मधी काय बदललं?"

"काही नाही," निवेदिता म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. जसा होता तसाच आहे."

"मग विंडोज बिघडली असंल," तो म्हणाला. "मी चारपर्यंत येतो तिकडं. फॉरमॅट मारावा लागंल. आतलं काही राहणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

तिने फोन ठेवला. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आपण खोटं का बोललो, हे तिला धड कळेना. ठरवून काही बोलली नव्हती, तोंडातून आपोआप निघालं होतं. निवेदिता त्या कंपनीत क्वालिटी बघायची. कारखान्यातल्या मशीनवर आणि सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-तळवड्याच्या शेड्समध्ये जायचं, खराब माल आला की मालकाला समोर बसवायचं आणि विचारायचं, काय बदललं? अठरा वर्षं तिची तीच नोकरी होती. आणि अठरा वर्षं प्रत्येक मालकाने तिला पहिल्या फटक्यात तेच उत्तर दिलं होतं : काही नाही, मॅडम. गेल्याच आठवड्यात हिंदुराव नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ तिच्यासमोर घाम पुसत तेच म्हणाले होते. तिने त्यांना पाऊण तास सोडलं नव्हतं. शेवटी त्यांनी कबूल केलं की मशीनचा वेग जरासा वाढवला होता, आणि ते कबूल करताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते आत्ता तिच्या डोळ्यांपुढे आलं. तेव्हा तिला फक्त त्यांचा राग आला होता.

तिने परत फोन लावला.

"कोंडीराम, मी मघाशी खोटं बोलले," ती म्हणाली. "शनिवारी घरी मी वायफायचं सेटिंग बदललं. ऑटोमॅटिक काढून हाताने आकडे टाकले."

ती ओरड्याची वाट बघत होती. कोंडीराम एवढंच म्हणाला, "हां. मग जमलं की ओ."

"म्हणजे?"

"म्हणजे लॅपटॉप तिकडं घरचाच पत्ता सांगत बसलाय. कंपनीचं वायफाय त्याला ओळखंना झालंय. वायफायचं सोडा, वायरीने जोडा. वायरीचं सेटिंग तुम्ही नाही ना बदललं?"

"नाही. शप्पथ नाही."

"शपथ कशाला, इश्वास हाय. वायर जोडा, आत शिरा आणि वायफाय परत ऑटोमॅटिक करा. पाच मिनिटांचं काम."

वायर प्रत्येक टेबलाखाली होती. पण निवेदिताचा लॅपटॉप नव्या धाटणीचा, पाटीसारखा पातळ. त्याला वायर घालायचं भोकच नव्हतं. मध्ये लावायला एक छोटा जोड लागायचा, आणि ऑफिसमध्ये कुणाकडेच तो नव्हता. स्टोअरवाल्याने कपाट उपसलं आणि मान हलवली. शेवटी कोंडीरामनेच फोनवर आठवून सांगितलं की त्या कारखान्यात तसा जोड एकच आहे, कॅन्टीनमध्ये. जेवणाची कुपनं काढायच्या मशीनला त्याने स्वतःच लावला होता.

ती लॅपटॉप छातीशी धरून कॅन्टीनमध्ये पोचली तेव्हा साडेबारा झाले होते आणि पहिल्या शिफ्टची रांग दारापर्यंत आली होती. प्रत्येक जण कार्ड टेकवायचा, कुपन फाडायचा आणि ताट घ्यायचा. मशीनच्या मागे सावित्रीबाई बसल्या होत्या. जवळच्याच गावच्या, साठीच्या आसपासच्या. कॅन्टीनमध्ये त्यांचा शब्द मॅनेजरच्या शब्दाच्या वर चालायचा.

"सावित्रीबाई, मला ही वायर दहा मिनिटं द्याल का?"

"आत्ता?" सावित्रीबाईंनी रांगेकडे पाहिलं. "न्हाई बाय. पोरं सकाळी सातपासून उभी हायती. दीडला या."

"दीडला उशीर होईल हो. दोनला पाहुणे येणार आहेत, आणि माझा लॅपटॉप उघडत नाही."

"का उघडत न्हाई?"

रांगेतली पुढची पंधरावीस माणसं आता ऐकत होती. निवेदिताला वाटलं, इथे सर्वर, संपर्क असं काहीतरी मोघम सांगून वेळ निभावता येईल. पण सकाळी एकदा निभावायला जाऊन काय झालं ते ताजं होतं.

"मीच बिघडवला," ती म्हणाली. "घरी व्हिडिओ बघून सेटिंग बदलत बसले होते."

रांगेत कुणीतरी हसलं. मग मागे एकाने दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला, आणि बघता बघता ही बातमी दारापर्यंत पोचली. क्वालिटीच्या मॅडमने स्वतःच सेटिंग बदललं. यातल्या निम्म्या लोकांच्या मशीनवर जाऊन निवेदिताने कधी ना कधी हाच प्रश्न विचारला होता. तिचे कान तापले.

"मावशी, द्या वायर मॅडमना," पुढचा एक दांडगा ऑपरेटर म्हणाला. "आमी थांबतो. आमच्यावर पण कधी येळ येती."

"व्हय तर," दुसरा म्हणाला. "पण मॅडम, आता पुढच्या टायमाला आमचं पण जरा समजून घ्या."

"घेईन," निवेदिता म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

सावित्रीबाईंनी मशीनमागची वायर जोडासकट ओढून तिच्या हातात दिली आणि स्वतःची खुर्चीही दिली. "तुमचं व्हईस्तवर बिनकुपनाचं वाढते," त्या म्हणाल्या आणि डाव घेऊन आमटीच्या पातेल्यापाशी उभ्या राहिल्या. रांग पुढे सरकली. जाणारा प्रत्येक जण ताट हातात घेऊन क्षणभर लॅपटॉपच्या पडद्यात डोकावून जात होता.

तिने जोड लावला, वायर खटकन बसवली आणि पासवर्ड टाकला. चक्र फिरायला लागलं. निवेदिताने कोंडीरामला फोनवर घेतलं होतं. मग चक्र थांबलं आणि तिचा नेहमीचा पडदा उघडला, सगळ्या फाइली जिथल्या तिथे.

"आले आत," ती म्हणाली.

"आता वायफायमध्ये जा, तुम्ही भरलेले आकडे पुसा आणि ऑटोमॅटिकवर खूण करा. झालं? आता वायर काढा आणि लोकांना जेवू द्या."

वायर काढली तरी लॅपटॉप चालूच राहिला. घड्याळात एकला दहा कमी होते. सावित्रीबाईंनी तिला तसं जाऊ दिलं नाही. दोन चपात्या आणि मटकीची उसळ तिथेच काउंटरवर खायला लावली.

दोनची मीटिंग चारला संपली. पाहुण्यांनी खोदून खोदून विचारलं, दोन ठिकाणी तिला अडवलं, पण पुढच्या वर्षीचं काम कंपनीकडेच राहिलं. ती बाहेर आली तर पाठीवर सॅक घेतलेला एक बुटका, चष्मेवाला माणूस तिच्या टेबलापाशी उभा होता. आवाज ऐकेपर्यंत तिला कळलंच नाही की हा कोंडीराम. एवढ्या खरखरीत आवाजाचा माणूस असा हसतमुख असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"येणारच होतो, म्हणून आलो," तो म्हणाला. "नवा जोड आणलाय तुमच्यासाठी."

दोघं चहा घ्यायला गेले. तिने सकाळच्या खोट्याबद्दल परत माफी मागितली.

"सोडा ओ," कोंडीराम म्हणाला. "नऊ वर्षं झाली मला इथं. काही नाही केलं म्हणून सगळेच सांगत्यात. परत फोन करून खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला एक सांगू का? कुणाला बोलू नका. मी लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एक आकडा चुकीचा टाकला आणि अख्खा रांजणगाव प्लांट दोन तास बंद पाडला."

"मग काय सांगितलंत?"

"उंदरानं वायर कुरतडली म्हणून. त्यांनी पिंजरे आणले की ओ, सात पिंजरे. अजून लावतात दर शनिवारी."

"मग उंदीर सापडला का एखादा?"

"एकदाच सापडला," कोंडीराम म्हणाला. "तेवढ्यावरच निभावलो."

निवेदिताला चहाचा घोट घेता येईना, इतकी ती हसत होती.