ओळीत नसलेलं गाव

मी एक जुनी चित्रकथा आहे, मित्रांनो. माझ्यात राजा-राणी नाहीत. आहेत ती पॅलेस्टिनी माणसे, घरादारातून उठवलेली, निर्वासितांच्या छावणीत म्हातारी झालेली. मला काढणारी बाई पत्रकार. काय तिची चिकाटी! छावणीत चहावर चहा पीत ती नुसती ऐकत बसे. एका आजोबांचे गेलेले घर तिने सात वेळा खोडले. त्यांनी मान डोलावली तेव्हाच पुढचे पान घेतले.

मराठीत येऊन मी अक्कलकुव्याच्या वाचनालयात पोचले. वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही. मग सातवीतल्या रिनाने मला धरणग्रस्तांच्या वसाहतीत नेले. तिच्या आजीचे, कमलीबाईंचे, गाव नर्मदेच्या धरणात बुडालेले. आता काचबिंदूने नजरही चाललेली. नजर पुरती जायच्या आत रिनाला ते गाव कागदावर हवे होते.

माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिने ऐटीत घरे काढली. कमलीबाईंनी पान डोळ्यांशी नेले.

"येडे, ही तर वसाहत!"

"घरंच तर आहेत ना, आजी?"

"अशी ओळीत? आम्ही काय रेशनला उभे होतो?"

रिनाचा जन्मच सरळ गल्लीतला. डोंगरात ज्याचे त्याचे घर आपापल्या टेकडीवर, शेतापाशी असते, हे तिला कुठून ठाऊक? मग रिनाने ती ओळ खोडली आणि कमलीबाईंनी चाचपत त्याच पानावर मक्याचे दाणे मांडले.

"हे आमशाचं घर. हे माझं. नाही गं, अजून वर."

एकेक दाणा उचलून रिना तिथे घर काढू लागली.

मला परत द्यायच्या दिवशी वाचनालयाचे हेमकांतभाऊ मात्र कडाडले, "काय वं, पुस्तकले पाटी समजनी का?" आणि मला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकले.

"भाऊ, आजीला आता जेमतेम दिसतं," रिना रडवेली झाली. "नऊ घरं राहिलीत अजून."

त्यांनी ते पान उघडले. मग मला परत तिच्या हातात ठेवले.

"जाय, आधी त्या नऊ घरं काढ."

नववे घर झाले तोवर कमलीबाईंना रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. रिनाने त्यांचे बोट धरून त्यांच्या घरावर टेकवले.

"हं," त्या म्हणाल्या. "इथं वारा लागतो."

मित्रांनो, पुस्तकावर लिहू नये, हे खरेच. पण तुमच्या घरी कोणाच्या डोळ्यांत एखादे गाव उरले असेल, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. ते "असं नव्हतं" म्हणाले, तर कंटाळू नका.