रामप्रसाद पॅटर्न

बेबीनंदाने हातातला ब्लाउज बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं.

"हितं बघ. हे नाव काढायचं."

बोटाखाली एक फोल्डर होता आणि फोल्डरला नाव होतं रामप्रसाद. अंबरीन खुर्ची ओढून बसली. ती शेजारच्या अतिकची बायको, मंठ्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. हा जुना कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्यावर लिनक्स तिनेच टाकून दिलं होतं.

"काकू, काकांचं नाव टाकायला तुम्हीच लावलं ना मला."

ते खरंच होतं. त्या दिवशी अंबरीनने विचारलं, कोणाचं नाव टाकू, तर बेबीनंदाने कपाटातून लाइटबिल काढून तिच्यापुढे धरलं होतं. मीटर, गॅस, शेत, घरातलं सगळंच नवऱ्याच्या नावावर; कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलं होतं? शिवाय नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हा नेम तिने लग्नापासून पाळलेला. बिल दाखवलं की दोन्ही कामं भागत होती.

तेव्हापासून भरतकामाच्या प्रोग्रॅममध्ये तिने काढलेलं प्रत्येक डिझाइन निमूटपणे रामप्रसादच्या फोल्डरात जाऊन बसत होतं. ब्लाउजच्या पाठीवरची पऱ्हाटीच्या कापूसबोंडांची वेल तिच्या डोक्यातून निघालेली, पण तिचाही मुक्काम तिथेच. जालन्याच्या एका शोरूमने नमुने मागितले, तेव्हा बेबीनंदाने तो सगळा फोल्डरच उचलून पेनड्राइव्हवर टाकला. एकेक फाइल निवडत बसायला तिला सवड नव्हती. शोरूमवाल्याने वर नाव वाचलं आणि हाच कारागीर असं तो धरून चालला. परवा लेस आणायला ती जालन्याला गेली, तर काचेमागे तिची बोंडांची वेल आणि खाली ठसठशीत पाटी, 'रामप्रसाद पॅटर्न'.

"मंग तिथंच बोलायचं ना, हे माझं हाय म्हणून," अंबरीन म्हणाली.

"काय बोलू? काउंटरवरचा इचारतो, कोणतं पॅटर्न बाई, नाव सांगा. आता मी कसं सांगू?"

अंबरीनला हसू फुटलं. पण बेबीनंदाचा चेहरा बघून तिने ते आवरलं. परवा ती काउंटरपाशी उभी असतानाच दुकानात एका नवरीची आई तेच पॅटर्न पाहिजे म्हणून अडून बसली होती. बेबीनंदाचा ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि तसाच भरलेला ऊर घेऊन ती चारचौघींसारखी मुकाट्याने पायऱ्या उतरून आली होती. चोरी झाली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

"प्रोग्रॅममधी जागा बदलायची सोय न्हाई," अंबरीन सांगू लागली. "सेव्ह करताना तो सिस्टिमला इचारतो, कागदपत्रं कुठं ठेवू? सिस्टिमनं तो पत्ता एका फाइलीत लिहून ठेवलाय. पत्ता बदलला की बराबर नव्या जागी जाणार."

सिस्टिमने लपवून ठेवलेल्या फाइली तिने उघड केल्या, त्यातली एक उघडली आणि एका ओळीत बेबीनंदा असं टाइप केलं. बेबीनंदाने चष्मा लावून ओळ वाचली.

"आन् माझ्या नावाच्या आधी हे काय हाय?"

"ते होम. म्हंजे काकांचाच फोल्डर. त्याच्या आत तुमचा."

"म्हंजी फिरून ह्यांच्याच घरात. मला तर वरून सगळं उचलायची सवय, फिरून हेच नाव जाईल जालन्याला. न्हाई. मला बाहेर काढ."

अंबरीनने मान डोलावली. डिस्कचा दुसरा भाग रिकामा होता. तिथे तिने बेबीनंदा नावाचा फोल्डर केला, होमच्या जागी तिथला पुरा पत्ता लिहिला, मग सगळं बंद करून पुन्हा लॉगिन केलं. बेबीनंदाने आदल्या दिवशीची मोरपिसाची नक्षी उघडली आणि नवीन नावाने सेव्ह करायला घेतली. सेव्हची खिडकी उघडली ती थेट 'बेबीनंदा' या फोल्डरातच. तिने ते नाव डोळे भरून पाहिलं. आपलं नाव इतकं चांगलं दिसतं, हे तिला आजवर कधी जाणवलंच नव्हतं.

"काय करून राह्यल्या?" दारातून रामप्रसादने विचारलं. तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका अडत्याकडे मुनीम होता. पॅटर्नची बातमी तिथवर पोचल्यापासून लोक त्याच्याकडून चहा उकळत होते आणि तोही खुशीने पाजत होता.

"काकूंचं काम काकूंच्या नावानं करून राह्यले, काका."

बेबीनंदाने मागे वळून पाहिलं नाही. तो काही बोललाच, तर काय सुनावायचं हे तिने सकाळपासून मनात घोळवून ठेवलं होतं.

"आन् आधीचं?" रामप्रसादने विचारलं.

"ते तुमच्या फोल्डरातच हाय," बेबीनंदा म्हणाली.

"तेबी टाक तिकडं. मला सुईत दोरा ओवता येत न्हाई, अन् मी चहा पाजत हिंडतोय." तो थोडा थांबला. "उद्या मालकाच्या कामानं जालन्याला चाललो. देऊन येतो तुझं."

बेबीनंदाने आधीची सगळी डिझाइनंही नव्या फोल्डरात हलवली. मग तिने पेनड्राइव्ह लावला.

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा ती अस्तर कापत होती. त्याने तांब्याभर पाणी पिऊन रुमालाने तोंड पुसलं.

"दिलं?"

"दिलं. पाटी माझ्यासमोरच बदलली त्यानं. बेबीनंदा पॅटर्न." हे नाव त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. "मोराचं बघून तर म्हनला, बाईला घेऊन या एकदा."

"तुमाला इचारलं असंल की, तुमी कोन?"

"इचारलं ना. दोनदा इचारलं."

"मंग?"

"मी न्हाई घेतलं माझं नाव," रामप्रसाद म्हणाला. "म्हनलं, बेबीनंदाबाईच्या घरून आलोय."