उतरती रेघ

औशाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका माळावर माणसं आलेखाला हळदकुंकू वाहत होती. कुणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी तिथे उभी होते.

पत्र्याचा मोठा मांडव. मधोमध बोअर, तिच्याभोवती लोखंडी कठडा. कठड्याबाहेर कॅन, कळशा, थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आलेली चार गावांची माणसं. बोअरच्या मागे माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स. त्यावर देव नव्हता, बुवाचा फोटोही नव्हता. खाली महिने, बाजूला रक्तातली साखर, मध्ये ठिपक्यांचा सडा आणि त्यातून डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली जाड निळी रेघ. बायका रांगेनं पुढे येत, कॅन खाली ठेवत, त्या रेघेला बोट लावून ते कपाळाला लावत.

"माझ्यावर इस्वास ठेवू नका!" व्यासपीठावरून वैजनाथबुवा सांगत होता. पांढराशुभ्र झब्बा, कानाला अडकवलेला माइक. लोक त्याला जलयोगी म्हणत. "मी अडाणी माणूस. कंधारच्या शिवारात म्हशी राखलेला. माझं काय ऐकता? कॉम्प्युटरचं ऐका! त्याला भक्ती ठाव न्हाई, लाच ठाव न्हाई. त्यानं काढली ही रेघ. कुठं चालली रेघ?"

"खाली!" मांडव ओरडला.

"मग साखर कुठं चालली?"

"खाली!"

"आन् हितं कोपऱ्यात काय लिवलंय? पी व्हॅल्यू. लई मोठमोठे शास्त्रज्ञ हिलाच मानतात. पी व्हॅल्यू म्हंजे काय? पाणी पी, व्हॅल्यू कळती!"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. मी लातूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पी व्हॅल्यू म्हणजे दिसलेला बदल निव्वळ योगायोग असू शकतो का, हे जोखणारा आकडा; पण तिची इतकी सुटसुटीत व्याख्या माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या कधी लक्षात राहिलेली नाही.

खरं सांगायचं तर अशा मांडवांत जायचं मी सोडून दिलं होतं. तरुणपणी पुष्कळ केलं. चुन्यानं लाल होणारी हळद, नारळातून निघणारे केस, जिभेतून आरपार गेलेला त्रिशूळ, सगळ्यांचे प्रयोग गावोगाव करून दाखवले. लोक बघायचे, टाळ्या वाजवायचे. एक बुवा पळाला की वर्षभरात त्याच्याच जागेवर दुसरा बसायचा. शेवटी घसाही गेला आणि उमेदही. या मांडवात मला आणलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं.

जगदेवीअक्काचं औशात बांगड्यांचं दुकान आहे. ती कधी कुठल्या बाबाच्या दारात गेली नाही. आमच्या गल्लीत भानामतीची आवई उठली, घरांवर रात्री-बेरात्री दगड पडू लागले, तेव्हा अख्खी गल्ली लिंबू-मिरच्या बांधत होती आणि अक्कानं दगड मारणाऱ्या पोराचा कान धरून त्याला चौकात आणलं होतं. अशी बाई. बरीच वर्षं तिला साखर आहे, इन्सुलिन चालू होतं.

त्या मांडवात जाण्याच्या काही दिवस आधी मी तिच्याकडे गेले, तर ती पायाला फडकं बांधून बसलेली. चप्पल चावली म्हणाली. फडकं सोडलं, तर अंगठ्याशेजारची बोटं काळी पडलेली. मी फ्रीज उघडला. इन्सुलिनची बाटली सीलसकट तशीच.

"अक्का, इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"पाणी चालू केल्यापासनं."

"बुवाचं पाणी? तू?"

"बुवाला कोण इचारतंय गं? त्याचं तोंड बघितलं की कळतंय, लबाड हाय." ती पायाकडे बघत म्हणाली. "पर ते आलेख तुझ्या वर्गातल्या शिवांगीनं काढलंय. खाली तिचं नाव हाय, तुझ्या कॉलेजचं बी नाव हाय. तूच म्हणायचीस ना, माणूस खोटं बोलतंय, आकडा बोलत न्हाई म्हणून? माझी साखर चढली, तर म्हटलं, रेघ तर समद्यांची उतरती, माझी बी उतरंल. मी आकड्याचं ऐकलं."

मी रिक्षा बोलावली.

लातूरला दवाखान्यात डॉक्टर लुंबिनी यांनी पाय पाहिला आणि त्या मला बाहेर घेऊन आल्या. "दोन बोटं काढावी लागतील. पाऊल वाचेल, असं मी धरून चालते. तुम्हीही धरून चाला." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या पाण्याचे पेशंट माझ्याकडे आणखी आहेत. सगळे फ्लेक्सच्या आलेखाचा फोटो मोबाइलवर दाखवतात."

दुसऱ्या दिवशी मी शिवांगीला बोलावलं. हिमायतनगरची मुलगी, हॉस्टेलवर राहून एमएस्सी करणारी, वर्गात सर्वांत हुशार. बुवाच्या संस्थेच्या शिबिरातली माहिती तिनं प्रकल्पासाठी घेतली होती. मी संतापले होतेच.

"आकडे कुणी बनवले? खरं सांग."

तिचा चेहरा उतरला. "कुणीच नाही, मॅडम. मी स्वतः शिबिरात बसून साखर मोजली आणि आलेखात भरत गेले. दर महिन्याला. एकही आकडा खोटा नाही."

मला ते पटलं नाही. प्रयोगशाळेत बसून तिच्या लॅपटॉपवर मी एकेक नोंद पाहिली. आकडे खरंच स्वच्छ होते. त्यांत अक्काही होती. दर महिन्याला तिची साखर चढत गेलेली, शेवटी तीनशेच्या पार.

"अक्काचा शेवटचा ठिपका मला आलेखावर दाखव."

शिवांगीनं पडद्यावर बोट फिरवलं. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. आलेख दोनशेलाच संपत होता. अक्का त्यात नव्हतीच.

हा आलेख आर नावाच्या संगणकभाषेत काढलेला होता. आकडेमोड करायला आणि आलेख काढायला ती जगभर वापरतात. तिचा एकच स्वभाव आहे: तुम्ही लिहाल ते ती करते, तुमच्या मनात काय होतं ते तिला कळत नाही. म्हणून चूक शोधायची तर आपण काय लिहिलंय, तेच पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. आम्ही वाचू लागलो. महिने वर्णक्रमानं लागून मागेपुढे झालेत का? नाही. आकडे मजकूर म्हणून वाचले गेलेत का? नाही. रिकाम्या जागा शून्य धरल्यात का? तेही नाही.

"आलेख राहू दे बाजूला," मी म्हटलं. "नुसती दर महिन्याची सरासरी काढ."

तिनं काढली. सरासरी चढत होती.

तेच आकडे, तीच माणसं. सरासरी काढली तर चढते, आलेख काढला तर उतरते. बुवा बघायला हवा होता, त्याच्या मांडवात असा चमत्कार कधी झाला नसेल.

"आलेख पुन्हा काढ. सावकाश."

आलेख आला. त्याच्या खालच्या चौकटीत बारीक लाल अक्षरांत एक ओळ उमटली.

"हे काय?"

"ते नेहमीच येतं, मॅडम. एरर नाही, नुसती वॉर्निंग आहे. आलेख तर निघतो ना."

"वाच."

ती वाचू लागली. मर्यादेबाहेर असल्यामुळे इतक्या नोंदी वगळल्या, असं ती ओळ सांगत होती. 'वगळल्या'पाशी शिवांगीचा आवाज थांबला. वगळलेल्या नोंदी निम्म्याच्या आसपास होत्या.

गोष्ट साधी होती. बुवाच्या संस्थेचा सचिव बालाजी तिला म्हणाला होता, वरचे ठिपके फ्लेक्सवर पसरट दिसतात, दोनशेच्या वरचं कापून टाक. तिनं उभ्या अक्षाला दोनशेची मर्यादा घातली. तिला वाटलं, फोटोची कड कापतो तसं फक्त चित्र कापलं जाईल. पण ती आज्ञा चित्र कापत नाही. मर्यादेबाहेरची माणसं आधी बाहेर काढते आणि उरलेल्यांची सरासरी घेऊन रेघ ओढते. नुसती कड कापायची आज्ञा वेगळी असते. कोपऱ्यातली ती पी व्हॅल्यूही आलेखाच्या आतच, त्याच उरलेल्यांवर काढलेली होती.

पहिल्या महिन्यात बहुतेकांची औषधं चालू होती. साखर दोनशेच्या आत, म्हणून सगळे चित्रात होते. मग औषधं सुटली. ज्यांची साखर भडकली ते एकेक करून चित्रातून गळाले. उरले ते मुळातच सौम्य आजाराचे, पथ्य पाळणारे, किंवा घरात गुपचूप गोळी घेणारे. रेघ उतरणार नाही तर काय होईल?

"मी ही लाल ओळ बालाजी सरांना दाखवली होती," शिवांगी हळूच म्हणाली. "एकदाच. ते म्हणाले, ती फ्लेक्सवर छापू नकोस."

बालाजी मला कधीपासून फोन करत होता. विज्ञान आणि अध्यात्माचा मेळावा आहे, मॅडम, तुम्ही येऊन दोन शब्द बोला, शाल-श्रीफळ घ्या. त्याला माझ्या पदवीचा शिक्का हवा होता. मी होकार कळवला. फक्त मोठा पडदा लावा आणि शिवांगीला लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर बसू द्या, एवढंच सांगितलं. तो इतका खूश झाला की स्वतः न्यायला आला.

तर असा तो मांडव, ती हळदकुंकवाची रांग आणि ते पी व्हॅल्यूचं प्रवचन. माझं नाव पुकारलं. मी उठणार, इतक्यात शिवांगीनं माझा हात दाबला. "मॅडम, रेघ मी काढलीय. मीच बोलते."

तिनं गर्दीतून काही माणसं पुढे बोलावली, उंच आणि बुटकी मिळून. बोअरवरची दोरी दोन खांबांना कपाळाच्या उंचीवर बांधली.

"दोरीला ज्यांचं डोकं लागतं त्यांनी खाली जाऊन बसायचं."

उंच माणसं हसत हसत गेली.

"आता मावशी, सांगा. आधी ही माणसं उंच दिसत होती का आता?"

"आधी की गं. आता समदे बुटकेच ऱ्हायले."

"मग बोअरच्या पाण्यानं माणसं बुटकी झाली का?"

लोक हसले. बुवाही हसला. त्याला अजून अंदाज नव्हता. बालाजीला मात्र आला असावा, कारण तो खुर्चीतून उठला.

शिवांगी लॅपटॉपकडे वळली. "मी ह्या आलेखात अशीच दोरी बांधली होती. दोनशेवर. ज्यांची साखर दोरीच्या वर गेली, त्यांना मी बाहेर बसवलं. मला कळलं नव्हतं. आता दोरी सोडते." नावं तिनं आधीच झाकली होती. तिनं एक ओळ खोडली आणि बटण दाबलं.

पडद्यावर वरच्या अंगाला ठिपकेच ठिपके उगवले. त्यांच्यामधून निळी रेघ उजवीकडे चढत गेली.

मग एक म्हातारा काठी टेकत उठला. "पोरी, ह्यात मी कुठं हाय?" त्याच्या मागून दुसरा. मग एक तरुण बाई, कडेवर मूल. "माझा मालक गेला मागच्या महिन्यात. पाणी पिऊन राहिला होता. त्याचा ठिपका हाय का ह्यात?"

शिवांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती व्यासपीठावरून उतरून त्या बाईजवळ गेली, कानात नाव विचारलं, परत येऊन नोंद शोधली आणि पडद्यावर सर्वांत वरच्या ठिपक्यांपैकी एकावर बोट ठेवलं.

"हा."

"आन् त्याच्या पुढचा?"

"त्याच्या पुढं नाही, ताई."

बुवानं माइक ओढला. "कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय! ज्ञानाचा अहंकार हाय ह्यो!"

"मघाशी तर त्याला लाचही ठाव नव्हती, बुवा," मी म्हटलं. "एका आज्ञेत इतका बिघडला?"

बालाजीनं वायर उपटली. पडदा काळा झाला. पण बघायचं ते लोकांनी बघितलं होतं. काहींनी तिथेच कॅन आडवे केले, पाणी मातीत सोडलं.

सगळ्यांनी नाही. तेही सांगायला हवं. बरेच जण कॅन भरूनच घरी गेले. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, चौकशी चालू आहे. आलेखाचा फ्लेक्स उतरला, त्या जागी बुवाचा फोटो आला, आणि गर्दी निम्मी तरी येतेच. शिवांगीनं प्रकल्प मागे घेतला आणि त्याच आकड्यांवर नवा लिहिला. त्यात तिनं आपली चूक पहिल्याच पानावर मांडली. परीक्षकांनी कौतुक केलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही.

अक्काची दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. आता ती रोज इन्सुलिन घेते आणि दुकानात खुर्चीवर बसून बांगड्या भरते. परवा मला म्हणाली, "मग आता आकड्यावर बी इस्वास ठेवू नको म्हणतीस?"

"ठेव. पण त्याला प्रश्न विचारून."

"कसलं प्रश्न? मला काय कळतंय त्यातलं?"

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण मांडवामांडवांत जाऊन सांगायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका, पाणी कुणाचंही असो. आणि गुण आल्याचा पुरावा म्हणून कुणी आलेख, टक्केवारी किंवा बरे झालेल्यांची रांग दाखवली, तर शास्त्र कळत नाही म्हणून गप्प बसू नका. एवढंच विचारा: आधी किती माणसं होती, आता किती आहेत, आणि मधली कुठे गेली? हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. आणि ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.