सुभेदारांच्या सोप्यातली तीन पत्ती

वाईचा वीरधवल मोबाइलवरच्या पोकरमध्ये भलताच तरबेज. हातात काही नसताना दणकून चाल करायची आणि समोरच्याला पळवून लावायचं, हा त्याचा हातखंडा. पण आज गडी बसला होता कुंडलला, रिटायर सुभेदार भाऊसोंच्या सोप्यात. त्यांच्या लेकीचा, सोनियाचा, होकार कधीच मिळाला होता, घोडं अडलं होतं तिच्या बापापाशी. आणि बापानं पोराला थेट तीन पत्तीला बसवलं. "माणूस पत्त्यात कळतो," म्हणाले. खेळ भुईमुगाच्या शेंगांवर.

पहिल्याच डावात वीरधवलनं दुर्री, पंजी, नव्वी असल्या भिकार पानांवर ओंजळभर शेंगा लोटल्या. पळतंय कोण? भाऊसो आणि त्यांचे पलटणीतले दोस्त नाथाजी, ज्ञानू, तिघांनीही ओंजळी लोटल्या. शेंगा गेल्या. पुढच्या डावातही तेच.

"तुमी पत्ते टाकून पॅक कवाच करत न्हाई व्हय?" त्यानं विचारलं.

"पाठ दावायची?" नाथाजी म्हणाले. "फौजी हाय आमी, गड्या."

मग पठ्ठ्यानं चाल बदलली. थापा बंद. पान वाईट आलं की एकेक शेंग टाकत मागं मागं जायचं, चांगलं आलं की ओंजळ ओतायची. थोड्या वेळात नाथाजी आणि ज्ञानू रिकामे झाले. भाऊसोंपुढं मूठभर शेंगा उरल्या, कान लालबुंद झाले.

आणि नेमके तेव्हाच वीरधवलला तीन एक्के आले, खेळातली सगळ्यांत भारी पानं. त्यानं दाराकडं बघितलं, तिथं सोनिया उभी होती. सासऱ्याला पोरीसमोर नागवून पोरगी मागायची कुठल्या तोंडानं? त्यानं पत्ते पालथे टाकले. "पॅक."

भाऊसोंनी शेंगा ओढल्या आणि सवयीनं त्याचे पत्ते उलटले. फौजी माणूस, झडती घेतल्याशिवाय सोडतोय होय!

"तीन एक्के घिऊन पळालास?" ते कडाडले. "उद्या माझ्या पोरीला असंच टाकून पळशील. ऊठ. न्हाई द्यायची पोरगी."

वीरधवल उठून उभा राहिला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सोनियाच्या आईनं, रंगुबाईंनी, ट्रे दाणकन ठेवला.

"आवं, ह्या घरात आल्यापास्नं मी तीन एक्के घिऊन पॅकच करत आलेय. म्हणून तर तुमी रोज जिंकताय."

भाऊसो बायकोकडं वळले.

"कवा कवा गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चा निवतोय," रंगुबाई म्हणाल्या. "जावयांना आदी द्या."

भाऊसोंनी मुकाट कपबशी उचलून वीरधवलच्या हातात दिली.