पहिला घोट

ओफेलियाचा झुल्मावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. सेहेचाळीस वर्षांची बाई, मांसाच्या कारखान्याने घरी बसवलेली, आणि आता म्हणे वर्गात जाऊन म्हाताऱ्यांची सेवा शिकणार. वर्ग संपला होता. आता पायसांदू गावच्या या वृद्धाश्रमात ओफेलियाच्या हाताखाली दोनशे तास काढायचे आणि शेवटी तिची सही घ्यायची. सही नाही तर नोकरी नाही. बावीस वर्षं इथेच झिजलेल्या ओफेलियाला हे सगळं थोतांड वाटायचं. तिसऱ्याच दिवशी एवारिस्तो आजोबांच्या पाण्यात घट्ट करायची पूड घालताना झुल्माने मोजायचा चमचा पुढे केला.

"माझा हातच चमचा आहे," ओफेलिया म्हणाली. "तुझं पुस्तक घरी ठेवून येत जा."

अर्धांगाच्या झटक्यापासून आजोबांना पातळ काही चालत नव्हतं, साधं पाणीही फुप्फुसात उतरायचं. बोलणं गेलं होतं, चार शिव्या तेवढ्या शाबूत होत्या. झुल्मा आली आणि महिन्याभरात त्यांना खोकला जडला. डॉक्टरांनी बजावलं, निमोनिया झाला तर म्हातारा हाती लागायचा नाही.

त्यात तो भोपळा. येर्बाच्या पानांचा काढा प्यायचा आजोबांचा पेला, पोखरलेला छोटा भोपळा, दोन वर्षं फडताळात कोरडा पडून होता, तो आता रोज संध्याकाळी ओला दिसायला लागला. एके काळी त्या कडू काढ्याचे दोन थर्मास रिचवणारा माणूस, त्याला घोटभर पाजून गोड व्हायला कितीसं लागतं? ओफेलियाने तक्रारीचा कागद भरला, त्यावर झुल्माचं नाव घातलं आणि घडी करून खिशात ठेवला. आता फक्त रंगेहाथ पकडायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ती आजोबांच्या दाराआड उभी राहिली. आत आजोबा डाव्या हाताने थर्मासमधून भोपळ्यात पाणी ओतत होते, झुल्मा त्यांचं कोपर सावरून होती. ओतणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, ही इथली जुनी रीत. ओफेलियाला पुढचं बघायची गरजच वाटली नाही. ती आत घुसली.

"पहिला घोट कोण पितंय?"

"मीच," झुल्मा म्हणाली. "रीत मोडते म्हणून रोज शिव्या खाते. त्यांना ओतायला आवडतं. हाताला व्यायामही होतो."

आजोबांनी लगेच एक शिवी हासडली, तीही झुल्मालाच.

"मग खोकला येतो कुठून?"

 झुल्माने शिकाऊंची वही पुढे केली. एकूण अठरा खोकले, वेळेसकट. सगळे सकाळी आठनंतरचे, गोळ्यांच्या पाण्यावरचे. ते पाणी ओफेलियाशिवाय कुणी कालवत नव्हतं. संध्याकाळी, झुल्मा पाणी कालवायची तेव्हा, एकही नाही.

"महिन्यापूर्वी पुडीचा डबा बदलला, बाई. ही नवी पूड दुप्पट लागते. डब्यावर लिहिलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा चमचा पुढे केला होता." तिची नजर खाली गेली. "नंतर धीर झाला नाही. सही तुमच्या हातात आहे. पण गप्प बसले, ते चुकलंच माझं."

ओफेलियाला बावीस वर्षांत इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि ही बाई वही वर पाठवणार तर नाही, हा संशय त्याही क्षणी मनात आलाच. त्याचीच तिला जास्त लाज वाटली. महिनाभर ती आपल्या हाताने म्हाताऱ्याला बुडवत होती.

ती खुर्चीत टेकली. खिशातला कागद तिने मांडीवर उलगडला, झुल्माचं नाव खोडलं आणि त्याच्यावर आपलं लिहिलं.

"उद्या सकाळचं पाणी तू कालव," ती म्हणाली. "मी बघते. किती चमचे लागतात तेही सांग मला."